दहावं नाव

सकाळी आठ वाजेपर्यंत ती माझी आई असे. आठला शाळेची पायरी चढली की तिची 'बाई' व्हायची, आणि मग चुकून जरी तोंडातून 'आई' निघालं तरी हातावर छडी. इतरांना एक बसली तर मला दोन. का, तर "स्वतःच्या मुलीला सोडते असं कोणी म्हणता कामा नये." साठी ओलांडली तरी हा न्याय मला पटलेला नाही. घरी आल्यावर तीच बाई परत आई व्हायची आणि त्याच हाताला खोबरेल लावत म्हणायची, "दुखता काय गो? दाखय बघया." मी हात मागे ओढून म्हणत असे, "बाईंका विचार." ती हसून स्वयंपाकघरात जायची. शाळेत पुस्तकातली मराठी आणि चुलीपाशी आमची वाड्यावरची बोली, अशा दोन जिभा तिला होत्या, आणि एकीचा शब्द दुसरीत कधी सांडला नाही.

आमचा वाडा डिचोलीच्या बाजाराला लागूनच होता. म्हणायला शहर, पण पहाटे कोंबडा आधी आरवायचा आणि मागून पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू पोंऽय पोंऽय करत यायचा. त्याच्या पाटीतल्या गरम उंड्यांचा वास आला की नंदू, माझा धाकटा भाऊ, पांघरुणातून थेट दारात. मग खाणीवरचे ट्रक सुरू व्हायचे. दिवसभर घरघर, आणि सगळ्यावर लाल धूळ. तुळशीवर धूळ, वाळत घातलेल्या सोलांवर धूळ, आमच्या पाट्यांवर धूळ. बाई शुद्धलेखन तपासताना आधी फुंकर मारत आणि मग चूक शोधत. शाळेची घंटासुद्धा ट्रकच्या चाकातल्या मोडक्या ड्रमाची होती, एका ट्रकमालकाने दिलेली. लोखंडी टोला मारला की आवाज पार नदीपर्यंत जायचा. ती वाजवायचा मान चौथीच्या मुलांचा, आणि त्या वर्षी मी चौथीत होते. त्या घंटेवर माझा केवढा जीव होता, म्हणून सांगू!

शाळा मांडासमोर होती. मांड म्हणजे वाड्यातली सगळ्यांची पवित्र जागा. शिगम्याला, म्हणजे आमच्या शिमग्याला, देवापुढचा नारळ तिथे ठेवला जातो, ढोल तिथून निघतात, आणि तिथे पायात वहाण घालून कोणी उभा राहत नाही. शाळेची दोन खोल्यांची इमारत आणि पडवी मांडाकडे तोंड करून असल्यामुळे आमची सगळी खेळकूद अनवाणी. गोवा मुक्त झाल्यावर वाड्यावाड्यावर सरकारी शाळा उघडल्या, त्यातली ही एक. आई तिची पहिली शिक्षिका. सुरुवातीला म्हणे पोरं पडवीतही मावत नव्हती. बाप आणि आजे लोकसुद्धा पोरांच्या मागे बसून बाराखडी गिरवत होते. वाड्यातल्या निम्म्या बापांनी तिच्या हातची छडी खाल्लेली. रस्त्यात ती दिसली की तिशीतले मिश्यावाले बाप्ये विडी पाठीमागे लपवत.

आणि मग बाजाराच्या पलीकडे इंग्लिश शाळा आली. निळी चड्डी, पांढरा सदरा, गळ्यात निळा टाय. मुलांना न्यायला-आणायला एक मोटार. त्या शाळेच्या पहिल्याच स्नेहसंमेलनात आमच्या वाड्यातली चार पोरं इंग्रजी गाणं म्हणाली. गाण्यात काय होतं ते त्या पोरांना ठाऊक नव्हतं, शिकवणाऱ्यांना असावं, आणि ऐकणाऱ्या आईबापांना तर मुळीच नव्हतं. पण खुर्च्यांवर बसून सगळे घळाघळा रडले. आमच्याकडे पोरं एकोणतीसचा पाढा न अडखळता म्हणत, पण त्यावर कधी कोणाला रडू आलं नाही. दर जूनला पहिलीत दोनचार डोकी कमी होत गेली.

आमच्या चौथीचं शेवटचं सत्र चालू असताना पणजीहून कागद आला. आईने तो पडवीत उभं राहून वाचला, घडी घातली आणि ब्लाउजमध्ये ठेवला. घरी आल्यावर पपांच्या हातात दिला. येत्या जूनमध्ये पहिलीत दहा मुलं झाली नाहीत तर शाळा बंद, मुलं दुसऱ्या शाळेत, आणि बाईंची बदली काणकोणला. काणकोण म्हणजे गोव्याचं दुसरं टोक. त्या काळी तिथून रोज ये-जा करणं अशक्य. आई शनिवारी संध्याकाळी येणार आणि रविवारी परत जाणार. मला शाळेचं दुःख नंतर झालं. पहिलं दुःख हे झालं की आता जेवण पपा करणार.

पपांबद्दल सांगायला हवं. ते एका खाणीच्या कचेरीत टायपिस्ट होते. दिवसभर इंग्रजी पत्रं बडवत. कागदावर त्यांचं इंग्रजी तुफान धावे, पण साहेब समोर आला की "येस सर"च्या पुढे गाडी जात नसे. "बोटांक येता, जिभेक येणा नाय," असं ते स्वतःच सांगत. एकदा म्हणे साहेबाने विचारलं, घरी सगळं ठीक ना, आणि पपांनी घाबरून उत्तर दिलं, "युवर्स फेथफुली." हे त्यांनी आम्हाला हसत सांगितलं होतं, पण हसण्याच्या खाली काहीतरी दुखत होतं, एवढं मला त्या वयातही कळलं. म्हणून नंदूच्या बाबतीत त्यांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून त्याच्यासाठी निळा टायही आणून ठेवला होता. नंदू उघड्या अंगावर, नुसत्या चड्डीवर तो टाय घालून वाड्याभर हिंडायचा आणि न्हातानाही काढू द्यायचा नाही.

आता माझ्या आईच्या शाळेला पोरं हवीत आणि तिचंच पोर चाललंय टाय लावून! पण यावर दोघांचं भांडण झालेलं मला आठवत नाही. आई एकदाच म्हणाली, "लोकांच्या दारात जावन मी काय सांगू? माझ्या शाळेत घाला, माझ्या झिलाक सोडून?" पपा जमिनीकडे बघत म्हणाले, "माझ्यासारख्या त्याचां जावक नाय, एवढांच." त्यावर ती उठून चुलीतली लाकडं सारायला लागली. 

मग ती दारोदार फिरली. मी तिची पिशवी धरून मागे. अहो, काय सांगू तो मानपान! प्रत्येक घरी पाट, चहा, कोणाकडे नेवरी, कोणाकडे शेवेचा लाडू. "बाई, तुमी नसतात तर आमच्या ह्यांका सही येवची नाय." "बाई, तुमच्यासारख्या शिकवणारा कोण ना." शिकवण्याबद्दल कोणाची तक्रारच नव्हती. फक्त मूल मागितलं की सगळ्यांच्या नजरा छपरावर. घरी आल्यावर आई म्हणाली, "पाच घरांत चाय गावली, भुरगां एकय गावूक नाय." शेवटी ती टेकडीखालच्या खोल्यांमध्ये गेली. तिथे दोडामार्गाकडून खाणकामाला आलेली माणसं राहत. त्यांनी चहा दिला नाही, घरात दूध नव्हतं, पण चार पोरं दिली, आणि एका बाईने विचारलं, "शाळेत जावक कपडे खंयचे लागतत?" आई म्हणाली, "धुतलेले." झालं, चार. वाड्यात त्या वर्षी सहा वर्षांची आणखी सहाच पोरं होती. पाच इतरांची, सहावा नंदू. सगळी आली तरच दहा, एक जरी गळालं तरी काणकोण.

आईने मग आशा सोडली. ती सोडल्याचं लक्षण म्हणजे तिने पपांना पेज करायला शिकवायला घेतलं. पपा वही-पेन्सिल घेऊन चुलीपुढे बसले आणि दुसऱ्या दिवशी कचेरीतून चक्क टाइप करून आणलं. 'विषय: पेज. संदर्भ: आपला कालचा तोंडी आदेश.' खाली पाण्याचं माप, तांदळाचं माप, सगळं कलमवार. त्या कागदाबरहुकूम जी पेज झाली तिने नंदूचा फाटलेला पतंग चिकटवला, आणि तो पुढे पावसाळ्यापर्यंत टिकला. आम्ही पोट धरून हसलो. आईही हसली, आणि हसता हसता तिने पदर तोंडाला लावला. मी ओळखलं, ते हसू नव्हतं.

आता धाकूआबा. आबा आमचे शेजारी आणि मांडावर गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांच्या घराण्याचा. गाऱ्हाणं म्हणजे शिगम्याच्या सुरुवातीला नारळ ठेवून देवाशी मोठ्याने बोलायचं. साऱ्या वाड्याचं सुखदुःख त्याच्या कानावर घालायचं. प्रत्येक मागण्याच्या शेवटी गाऱ्हाणं घालणारा 'रे म्हाराजा' म्हणतो आणि जमलेले सगळे एका आवाजात 'व्हय म्हाराजा' करतात. मांडावर एकदा 'व्हय' म्हटलं की ते देवासमोर दिलेलं वचन; ते मोडायची छाती आमच्याकडे कोणाची नसे, अजूनही नाही. आबांना अक्षर येत नव्हतं, पण एकदा ऐकलं की पाठ. दरवर्षी शिगम्याआधी ते मला पडवीत बसवून वाड्याची खबर घेत. कोण आजारी, कोण बाळंत, कोणाचा ट्रक उलटला. मी वहीत लिहून आणायची आणि वाचून दाखवायची. मोबदल्यात मिठातली तोरं, म्हणजे मुरलेल्या कोवळ्या कैऱ्या.

त्या वर्षी मी वही वाचली, आणि शेवटी एक पान जास्त वाचलं. सहा नावं.

आबांनी तोर चोखायचं थांबवलं. "हेंका काय झालां? ताप?"

"नाय आबा. हेंका शाळेत जावचा आसा. आईच्या शाळेत."

"कोण म्हणता?"

"कोणच म्हणणा नाय. म्हणानच देवाक सांगूक होया."

वाचता येत नसूनही आबांनी वही हातात घेऊन ते पान पाहिलं. त्या सहांतला एक त्यांचाच नातू होता, आणि सूनबाईंनी त्याची नोंद मोटारवाल्या शाळेत केली होती, आबांना न विचारता. "आणि ह्यो नंदू? ह्यो तुझो भाव मगे? बापाशीक विचारलंस?"

"तुमी देवाक विचारा. पपांक देव विचारतलो."

आबा असे हसले की उरलेले तिन्ही दात दिसले. "शैलग्या, तू वकिलीण होतलंय," ते म्हणाले. झाले नाही, बँकेत कॅशियर झाले. पण त्या दिवशी उरलेली सगळी तोरं मला मिळाली.

शिगम्याच्या दिवशी उन्हं कलल्यावर वाडा मांडावर जमला. बाप्ये पुढे, अनवाणी; बायका कडेने; आम्ही पोरं ढोलांपाशी. आई मात्र आली नव्हती. ती समोर शाळेच्या पडवीत एकटीच उभी होती. आबांनी धोतर सारखं केलं, नारळ ठेवला, खाकरले आणि आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! बारा वहिवाटीच्या, बारा राठीच्या राखणदारा! आज ह्यो नारळ तुझ्या पायाकडे ठेवलो, तो मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोण खाणीर आसात, कोण ट्रकार आसात, त्यांका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आता गाऱ्हाण्याची गंमत तुम्हाला सांगते. शब्द कोणी ऐकत नाही. लोक आपसात कुजबुजतात, विड्या विझवतात, पोरांना दटावतात. कान फक्त 'रे म्हाराजा'वर असतो. तो आला की तोंड आपोआप उघडतं. आजार झाले, बाळंतपणं झाली, उलटलेला ट्रक झाला, आणि आबांनी त्याच लयीत, श्वासही न बदलता पुढे घेतलं:

"तुझ्या मांडामुखार जी शाळा आसा, तिची घंटा वाजत ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या धाकूचो नातू त्याच शाळेत बसतलो रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आबांच्या मुलाने सगळ्यांबरोबर जोरात ठोकलं आणि मग त्याचा चेहरा पडला. तोवर दुसरं नाव गेलं, तिसरं गेलं. "सगुणशेटीचो नातू त्याच शाळेत बसतलो रे म्हाराजा!" सगुणशेट म्हणजे बाजारातले भुसारी दुकानदार, त्यांचा 'व्हय' सगळ्यांत दणदणीत. 'म्हाराजा'पर्यंत पोचता पोचता त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला, पण उशीर झाला होता. चौथ्याला कुजबुज, पाचव्याला बायकांत खसखस. आवाज पातळ होत गेला; लोक शहाणे झाले. आणि सहावं नाव आलं.

"टायपिस्टाचो नंदू त्याच शाळेत बसतलो रे म्हाराजा!"

कोणी काही बोललं नाही. ढोलही गप्प. सगळ्यांच्या माना पपांकडे. पपा भलतीकडेच, शाळेच्या बाजूला तोंड करून उभे. मी मनात म्हटलं, संपलं. आणि त्या शांततेत पपांचा आवाज आला, एकट्याचा, खणखणीत. साहेबापुढे न फुटणारा तो आवाज त्या दिवशी पार बाजारापर्यंत गेला असेल.

"व्हय म्हाराजा!"

वाडा असा हसला, असा हसला की आबांना नारळ फोडायला पाच मिनिटं थांबावं लागलं. "सगळे सावध जाले, आणि ह्यो भोळो फसलो!" पपा कावरेबावरे होऊन म्हणाले, "लक्ष नव्हता रे. सवयीन गेला तोंडातसून." त्या एका वाक्यावर पुढे वर्षानुवर्षं त्यांची टिंगल झाली. लग्नात, बारशात कोणीतरी हटकून म्हणे, "टायपिस्टाक संभाळा, खंय पण व्हय म्हणता."

दुसऱ्या दिवशी सगुणशेट आबांच्या दारात. "फी भरलंय मी, आबा! पावती आसा!"

"फी तू भरलंस, ता खरां," आबा शांतपणे म्हणाले. "पण मांडार व्हय कोण म्हणालो? ती पावती देवाकडे आसा." सगुणशेट पाय आपटत गेले, आणि जूनमध्ये नातवाचा हात धरून तेच सगळ्यांत आधी शाळेच्या पडवीत हजर झाले.

जूनच्या पहिल्या दिवशी मी पाचवीत, दुसऱ्या शाळेत. पण घंटा होण्याआधी मी आमच्याच पडवीच्या खांबाआड उभी होते. आईने हजेरीपट उघडला. टेकडीखालची चार धुतलेल्या कपड्यांतली पोरं, मग वाड्यातली पाच. दहावं नाव तिने इतरांपेक्षा जरा मोठ्याने वाचलं. नंदूने उत्तर दिलं, "ओ, आई!" आणि त्याला छडी बसली नाही. मी आजही त्याला हे ऐकवते. त्याच्या टायचं पुढे काय झालं म्हणाल, तर घंटेचा लोखंडी टोला टांगायला दोरी हवी होती, ती मिळाली. निळा टाय खिडकीच्या गजाला लोंबत असे, खाली टोला. आई निवृत्त झाली ती याच शाळेतून. नंदूला इंग्रजी पाचवीपासून आलंच आणि त्याच्या औषधांच्या दुकानात तो ते गोऱ्या पर्यटकांशी बिनधास्त फाडतो. व्याकरण बिघडलं म्हणून अजून कोणी गोळ्या परत केलेल्या नाहीत. माझा स्वतःचा नातू मात्र पिवळ्या बसमधून टाय लावून जातो. माझ्या सुनेने मला विचारलं होतं. मी मांडावर नव्हते, सोफ्यावर होते, तरी 'व्हय' म्हणाले. कोणत्या तोंडाने दुसऱ्यांना बोलू?

आई गेली त्यानंतरची गोष्ट. पपा थकले होते, कानाला यंत्र लागलं होतं. शिगम्याचे दिवस होते आणि मी त्यांना पेज भरवत होते. मांडावर ढोल वाजायला लागले तशी मला हुक्की आली. इतक्या वर्षांत मी कबूल केलं नव्हतं, म्हटलं आता सांगून टाकू. "पपा, आबांक ती नावां मी दिलेली. नंदूचा पण. म्हणान तुमी फसलात आणि जल्मभर लोकांची बोलणी खाल्लात. माफ करा माका."

पपांनी चमचा माझ्या हातातून काढून घेतला. "ठावक आसा. तुझी वही मी आदल्या दिसा बघितलेली. अक्षर बरा होता."

"मगे तुमका ठावक होता? आणि नंदूचा नाव आयकलात?"

"आयकूक येना ता आतां गो," पपा कानातल्या यंत्राला बोट लावत म्हणाले. "तेव्हा माझे कान बरे होते." मग त्यांनी मांडाच्या दिशेने मान वळवली. "तुझी आई पडवीत एकटीच उभी होती. हातात घंटेचो टोलो धरून. शेवटचो बघून घेता तशी. सगळो मांड गप्प झालो, आणि ती माझ्याकडे बघी होती."

त्यांनी चमचा परत माझ्या हातात दिला.

"तिका मग काय, इंग्लिशात उत्तर दिवचा होता?"